कुंडीतली आमरी आणि पिठ्या ढेकूण

कुडाळजवळच्या एका वाडीत माझी मावशी राहते. तिच्या घराला पुढे लांब पडवी आहे. पडवीच्या वाशांना ओळीने कुंड्या टांगलेल्या आहेत. त्या कुंड्यांत माती नाही. विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाची सोडणे आहेत. त्यांत आमरीची झाडे लावली आहेत.

आमरी म्हणजे कोणते झाड? शहरात याला ऑर्किड म्हणतात. लग्नाच्या मांडवात, मोठ्या हॉटेलात जांभळी-पांढरी टवटवीत फुले लांब दांडीवर लावलेली दिसतात, तीच ही. ती फुले बहुधा डेंड्रोबियम जातीची असतात. तोडलेली दांडी पाण्यात ठेवली तर आठवडा दीड आठवडा सहज टिकते. म्हणून तिला भाव येतो. आपल्या सह्याद्रीच्या रानातही आमरीच्या पुष्कळ जाती आपोआप वाढतात. आंब्या-फणसाच्या फांदीवरून लोंबणारा गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस तुम्ही पाहिला असेल. आपल्या बायका त्याला सीतेची वेणी म्हणतात. तीही आमरीच.

मावशीकडे तीस कुंड्या होत्या. गणेशचतुर्थीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात. जाताना काहीजण एखादी कुंडी विकत नेतात. ते पैसे मावशीचे स्वतःचे. घरखर्चात ते जात नाहीत. त्यांतून तिने मागच्या वर्षी नातीसाठी सोन्याचा मणी केला. म्हणजे या कुंड्या काही नुसत्या शोभेच्या नव्हेत, हे ध्यानात घ्या.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात मी तिच्याकडे गेलो होतो. मावशी पडवीत स्टुलावर उभी होती. तिने एक कुंडी खाली काढली आणि म्हणाली, "हे बघ रे. कापूस कुठून आला इथे?"

पानाच्या बगलेत खरेच कापसासारखे काही होते. पांढरे, भुरभुरीत. मी काडीने उकरले. तो कापूस हळूच चालू लागला!

तो कापूस नव्हता. ते पिठ्या ढेकूण होते.

हा पाहुणा कोण?

पिठ्या ढेकूण हा एक लहान, मऊ किडा आहे. तांदळाच्या कणीपेक्षा फारसा मोठा नाही. अंगावर पिठासारखी पांढरी पूड असते. म्हणून तर त्याला पिठ्या म्हणतात. आपल्या खाटेतल्या ढेकणाशी त्याचे तसे नाते नाही. पण काम एकच. तो माणसाचे रक्त पितो, हा झाडाचा रस पितो.

त्याची सोंड सुईसारखी असते. ती तो पानात किंवा दांड्यात खुपसतो आणि बसून राहतो. एका किड्याने झाडाचे काही बिघडत नाही. पण तो एकटा राहत नाही. काही जातींची मादी कापसाच्या पुरचुंडीत शेकड्यांनी अंडी घालते. आठवडा दहा दिवसांत अंडी फुटतात. काही जातींची मादी तर अंडी न घालता थेट पिल्लेच घालते. पिल्ले इतकी बारीक असतात, की नजरेला दिसत नाहीत. ती चालत चालत शेजारच्या पानावर जातात. वाऱ्यानेही उडून जातात. उन्हाळ्यात महिनाभरात नवी पिढी तयार होते. आता तुम्हीच हिशोब करा. चैत्रात चार किडे असले, तर ज्येष्ठात किती होतील?

झाड मग पिवळे पडते. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. नवा कोंब वाकडा येतो.

आणखी एक खूण आहे. पानाला हात लावला की चिकट लागते. हा किडा रस पितो तो फार. त्यातली साखर त्याला पचत नाही. ती तो मागून पाकासारखी टाकतो. त्या पाकावर काळी बुरशी चढते. पान चुलीच्या धुराने काळवंडल्यासारखे दिसते. पुष्कळ लोक ती काजळी पुसतात आणि झाड बरे झाले म्हणतात. काजळी हा रोग नव्हे. काजळी ही चोराची पावले आहेत. चोर वर बसला आहे.

मावशीने विचारले, "रानातल्या आमरीला कधी असं झालेलं मी पाहिलं नाही. माझ्याच कुंडीला का?"

प्रश्न चांगला होता. रानात फांदीवरच्या आमरीवर पावसाच्या सरी कोसळतात, किडे धुऊन जातात. तिथे ढालकिडे असतात, कोळी असतात, चिमुकल्या पाखरमाश्या असतात. ते या किड्यांना खाऊन टाकतात. पडवीत पाऊस नाही. वारा कमी. किडे खाणारे किडेही फार येत नाहीत. शिवाय कुंड्या एकमेकींना चिकटून. हे म्हणजे दहा माणसांनी एका खोलीत झोपण्यासारखे झाले. एकाला खरूज झाली, की सगळ्यांना होते.

आणि आमरीची ठेवणच अशी आहे, की किड्याला लपायला जागा पुष्कळ. पानाचा बुडखा दांड्याला कांद्याच्या पापुद्र्यासारखा लपेटलेला असतो. जुने पापुद्रे वाळून तसेच राहतात. त्यांच्याखाली किडा सुखाने राहतो. कुंडीतल्या विटांच्या फटीत, मुळांतही राहतो.

इथेच एक गैरसमज सांगून टाकतो. आमरीला कोणी कोणी बांडगूळ म्हणतात आणि आंब्यावर दिसली की कोयत्याने तोडतात. बांडगूळ वेगळे. बांडगुळाची मुळे झाडाच्या लाकडात शिरतात आणि रस ओढतात. आमरी फांदीवर नुसती बसते. तिच्या मुळांवर पांढरे, टिपकागदासारखे साल असते. पावसाचे आणि दवाचे पाणी ते टिपून घेते. आंब्याचे ती काही खात नाही. बिचारीला उगाच शिक्षा!

बाटलीवरचा पिवळा रंग

आता घडलेली गोष्ट ऐका.

मावशीचे धाकटे दीर शेजारीच राहतात. ते आले, त्यांनी कुंडी पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता? आंब्यावर मारलेलं औषध माझ्याकडे उरलंय. एक हात मारला की सगळे साफ."

ते घरी गेले आणि बाटली घेऊन आले. बाटली अर्धी होती. झाकण सैल झाले होते. त्यांनी बादलीही मागवली.

माझी मावशी बावन्नाव्या वर्षी वाचायला शिकली. गावात रात्रीचा वर्ग होता, तिथे ती दोन हिवाळे गेली. तेव्हापासून तिला एक सवय लागली आहे. हातात आलेले काहीही ती वाचते. बिस्किटाचा पुडा वाचते. एस.टी.चे तिकीट वाचते. तिने बाटली हातात घेतली आणि चश्मा लावला.

"भावजी, इथं विष लिहिलंय."

"औषध म्हणजे विषच असतं, वहिनी. किडे काय प्रसादाने मरतात?"

"आणि हा पिवळा रंग कसला?"

दिरांना ते माहीत नव्हते. ते दहा वर्षे आंब्यावर फवारणी करत आले होते. मलाही तेव्हा नीट सांगता आले नाही, हे कबूल करतो. नंतर मी माहिती काढली. ती इथे देतो, कारण ती प्रत्येकाच्या कामाची आहे.

कीडनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर आणि पुड्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग पाहायचा. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. त्यावर कवटी आणि हाडांचे चित्रही असते. पिवळा रंग म्हणजे त्याच्या खालोखाल जहाल. निळा त्याहून कमी. हिरवा सर्वांत कमी. आपल्या देशात यासाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे.

पिवळ्यावर कवटी नसते. म्हणून लोकांना वाटते, की हे सौम्य असेल. हळदीसारखा रंग, त्यात काय वाईट? पण क्रमाने पाहा. चारांत तो दुसरा आहे. आणि हिरवा म्हणजे पिण्याजोगे असेही नव्हे. तेही विषच, फक्त कमी.

बाटलीबरोबर घडी घातलेला एक कागद मिळतो. ते औषध कोणत्या पिकावर, किती पाण्यात किती मारायचे, ते त्यावर लिहिलेले असते. दिरांच्या घरून तो कागद शोधून आणला. त्यावर आंबा होता, इतर पिके होती. घरातल्या कुंड्यांचे नाव कुठेच नव्हते. ते औषध उघड्या बागेसाठी होते. पडवीसाठी नव्हे.

आणि मावशीच्या पडवीत काय काय होते? एका कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. दुसऱ्या कोपऱ्यात कोंबड्यांचा खुराडा होता. मधल्या जमिनीवर तिची दहा महिन्यांची नात रांगत होती. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. टांगलेल्या कुंडीतून औषध ठिबकणार कुठे? त्याच जमिनीवर.

मावशीने बाटली परत दिली. म्हणाली, "माझ्या तीसच्या तीस कुंड्या गेल्या तरी चालतील."

दीर थोडे रागावले. पण बाटली घेऊन गेले.

मावशीने उगाच भीती घेतली नव्हती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात गेले. तेही उघड्या शेतात. विष पोटातूनच जाते असे नाही. कातडीतून जाते. श्वासातून जाते. ओल्या सदऱ्यातून जाते.

कोणाला असे झाले तर काय दिसते? खूप घाम येतो. तोंडातून लाळ गळते. ओकारी होते. डोळ्यांतली बाहुली बारीक होते. श्वास घ्यायला त्रास होतो. अशा माणसाला आधी त्या जागेपासून दूर न्या. अंगावरचे कपडे काढा. साबण आणि भरपूर पाणी घेऊन अंग धुवा. तुमच्या हाताला विष लागू देऊ नका. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. ओकारी श्वासनळीत गेली तर माणूस गुदमरतो. लगेच दवाखान्यात न्या. महाराष्ट्रात १०८ नंबर फिरवला, तर रुग्णवाहिका येते. आणि जाताना ती बाटली बरोबर न्या. डॉक्टरांना बाटलीवरचे नाव वाचून उपचार ठरवता येतो. ही गोष्ट लोक हटकून विसरतात.

असो. आपण आमरीकडे परत येऊ.

मग मावशीने काय केले

पहिले काम तिने केले ते वेगळे करण्याचे. तीसही कुंड्या अंगणात उतरवल्या. एकेक कुंडी उजेडात धरून पाहिली. पानाची खालची बाजू पाहिली, बगल पाहिली, वाळके पापुद्रे सोलून पाहिले. निरोगी कुंड्या पडवीच्या एका टोकाला ठेवल्या. किडलेल्या कुंड्या मागच्या दारी, गोठ्याच्या पलीकडे नेल्या. तेरा कुंड्या किडलेल्या निघाल्या. तिला वाटले होते चार असतील.

मग हाताने साफ करणे. यासारखा दुसरा उपाय नाही. बाजारातले कोणतेही औषध याची बरोबरी करत नाही, असे माझे मत आहे. किडे थोडे असतील तर एवढ्यावरच भागते. वाळके पापुद्रे काढून टाकायचे. जुना मऊ दातांचा ब्रश आणि साबणाचे पाणी घ्यायचे. दांडा आणि पाने खालून वरून हळूच पुसायची. काढलेला कचरा उकिरड्यावर टाकायचा नाही. तो जाळायचा. नाहीतर किडे चालत परत येतात.

बगलेत ब्रश जात नाही. तिथे काडीला कापूस गुंडाळायचा आणि स्पिरिटमध्ये बुडवून किड्याला टेकवायचा. इंजेक्शन देण्यापूर्वी नर्सबाई दंडाला लावतात ते स्पिरिट. औषधाच्या दुकानात मिळते. टेकवल्याबरोबर पांढरी पूड विरघळते आणि खालचा किडा पिवळट तपकिरी दिसू लागतो. तो मेला समजायचे. असे का होते? किड्याच्या अंगावरची पूड म्हणजे मेण असते. मेणावर पाणी ठरत नाही. अळवाच्या पानावर जसे घरंगळते, तसे घरंगळून जाते. म्हणून नुसत्या पाण्याने किडे भिजतसुद्धा नाहीत. स्पिरिट आणि साबण त्या मेणाचे चिलखत मोडतात.

स्पिरिट फुलाला आणि कोवळ्या कळीला लावू नये, करपतात. चुलीजवळ, विडी ओढत हे काम करू नये. स्पिरिट भडकन पेटते. काम झाले की बाटली वर, कुलपात ठेवावी. मुलांसाठी तर खरेच, पण घरात कोणी पिणारा असेल तर त्याच्यासाठीही. हे स्पिरिट पिऊन माणसे आंधळी होतात, मरतात.

तेरा कुंड्या पुसायला मावशीला आणि मला दोन दिवस लागले. पाठ मोडून गेली.

त्यानंतर फवारा. मावशीने कडुनिंबाच्या तेलाचा केला. त्याची कृती सांगतो. एक लिटर पाणी घ्या. त्यातले वाटीभर कोमट करा. त्यात अर्धा लहान चमचा पातळ साबण घालून ढवळा. मग एक लहान चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर, कडुनिंबाचे तेल घाला. बाटलीत घालून जोराने हलवा. दुधासारखे पांढरे झाले की उरलेल्या पाण्यात मिसळा. साबण आधी का? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. साबण त्या दोघांची सोयरीक जुळवतो. साबण विसरलात, तर तेल वर तरंगते आणि झाडाच्या एकाच पानावर सगळे तेल पडते. ते पान जळते.

कपडे धुण्याची पूड वापरू नका. त्यात सोडा असतो, पाने करपतात. आणि जास्त घातले की जास्त गुण येतो, असेही समजू नका. चमचा म्हणजे चमचा. मावशीने आधी एका झाडाच्या एका पानावर मारून दोन दिवस वाट पाहिली. पान ठीक राहिले, तेव्हा बाकीच्यांवर मारले. ही सावधगिरी तिने कुठे वाचली नव्हती. नवी पुडी आणली की आधी थोडी चाखून पाहायची, ही स्वयंपाकघरातली सवय!

फवारणी संध्याकाळी करावी, ऊन उतरल्यावर. तेल लागलेल्या पानावर कडक ऊन पडले तर पान भाजते. फवारा पानाच्या खालून मारावा. किडे खालीच असतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. आणि मधोमध शेंड्यात पाणी साचले तर कुंडी तिरपी करून ते काढून टाकावे. विशेषतः रुंद पानांच्या आमरीत, जिच्या फुलांचा आकार पतंगासारखा असतो तिच्यात, शेंड्यात रात्रभर पाणी राहिले तर शेंडा कुजतो. मग कीड गेली आणि झाडही गेले, असे होते.

आता खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या फवाऱ्यानंतर चौथ्या दिवशी मावशीला एकही किडा दिसला नाही. ती खूश झाली. दहाव्या दिवशी बघते तो काय, पुन्हा पांढरे ठिपके! ती म्हणाली, "तेल खोटं निघालं."

तेल खोटे नव्हते. साबण आणि तेल मोठे किडे, पिल्ले मारतात. कापसाच्या पुरचुंडीतली अंडी वाचतात. ती मागाहून फुटतात. म्हणून एकदा मारून थांबायचे नाही. दर सात दिवसांनी एकदा, असे चार वेळा मारायचे. अंड्यातून पिल्लू निघाले की त्याला गाठायचे, ते मोठे होऊन अंडी घालायच्या आत. वार ठरवून टाकला तर विसर पडत नाही. मावशीने आठवडी बाजाराचा दिवस धरला. बाजारातून आली की फवारा.

तीन कुंड्यांत किडे मुळांपर्यंत गेले होते. ती झाडे कुंडीतून उपसून काढली. जुना कोळसा, सोडणे सगळे जाळले. मुळे पाण्याखाली धुतली. कुजलेली, पोकळ मुळे कापली. हिरव्या टोकाची टणक मुळे ठेवली. मातीची कुंडी उकळत्या पाण्याने धुतली. नवे विटेचे तुकडे घालून झाडे पुन्हा लावली. कापायची कात्री दर झाडामागे विस्तवावर धरावी. आमरीला काही रोग असे आहेत, की जे कात्रीला लागलेल्या रसातून पुढच्या झाडाला लागतात आणि मग त्यांना उपायच नाही.

दोन झाडे अगदीच गेली होती. मावशीने ती जाळली. एक तिच्या लेकीने पहिल्या पगारातून आणून दिलेले होते. पण ती काही बोलली नाही.

मुंग्या, आणि एक चूक

या सगळ्यात मुंग्यांचा हात असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो चिकट पाक मुंग्यांना फार आवडतो. म्हणून मुंग्या पिठ्या ढेकणांना गुरांसारखे पाळतात. एका झाडावरून दुसऱ्यावर उचलून नेतात. त्यांना खायला कोणी किडा आला तर त्याला चावून हाकलतात. तुमच्या कुंडीवर मुंग्यांची रांग चढत असेल, तर समजा, वर गोठा भरला आहे. टांगलेल्या कुंडीच्या तारेला बोटभर रुंद ग्रीस फासले, की मुंग्यांची वाट बंद होते. कुंड्या चौरंगावर असतील, तर चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. दुधाच्या कपाटाला आपण करतो तसेच. वाट्यांतले पाणी मात्र दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर डास होतील.

आता माझी चूक सांगतो. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. एका पानावर मला मोठाच्या मोठा पिठ्या ढेकूण दिसला. अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या. मी लगेच चिरडला. असे तीन चिरडले. मग पाहिले, तर हे भराभर चालत होते आणि लहान पिठ्यांना खात होते! ते ढेकूण नव्हतेच. ती एका ढालकिड्याची अळी होती. त्या ढालकिड्याचे नाव क्रिप्टोलीमस. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. किडींचा बंदोबस्त करायला तो १८९८ साली भारतात आणला. मोठा झाला की काळा होतो, डोके तांबूस होते. त्याची अळी मात्र हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, फक्त आकाराने मोठी आणि चपळ. लांडग्याने मेंढीचे कातडे पांघरावे, तसा प्रकार. म्हणून मारण्यापूर्वी घटकाभर पाहावे. पिठ्या ढेकूण सुस्त असतो. जो धावतो, तो बहुधा आपला मित्र. दिरांचे औषध मारले असते, तर हे मित्रही मेले असते.

पिठ्या ढेकूण सोडून आमरीवर आणखीही किडी येतात. खवले कीड म्हणजे पानाला चिकटलेले तपकिरी किंवा पांढरे बारीक खवले. नखाने खरवडले की सुटतात. त्यांनाही साबण, स्पिरिट, तेल हाच उपाय, फक्त आधी खरवडावे लागते, कारण किडा ढालीखाली असतो. कोवळ्या कळ्यांवर हिरवा किंवा काळा मावा दाटतो. तो पाण्याच्या धारेनेच उडवता येतो. फुलकिडे फार बारीक. कळी पांढऱ्या कागदावर झटकली, की काळ्या-पिवळ्या रेघा पळताना दिसतात. त्यांनी डागाळलेल्या कळ्या तोडून जाळाव्या.

लाल कोळी हा तर किडाच नव्हे. त्याला आठ पाय असतात. पान खालून चंदेरी, खरबरीत दिसते, बारीक जाळी दिसते. त्याला कोरडी, गरम हवा आवडते. म्हणून कोकणापेक्षा घाटावर, सोलापूर-नगरकडच्या घरांत उन्हाळ्यात त्याचा त्रास जास्त. दर दोन-तीन दिवसांनी पाने खालून धुतली, तरी तो कमी होतो.

पावसाळ्यात कोकणात गोगलगायी येतात. त्या रात्री निघतात आणि मुळांची हिरवी टोके खातात. बॅटरी घेऊन रात्री वेचाव्या. कोबीचे पान कुंडीजवळ ठेवले, की सकाळी त्याच्याखाली सापडतात. कुंडीत मीठ टाकू नका. गोगलगाय मरेल, पण आमरीही मरेल.

चतुर्थीपर्यंत

चार आठवडे फवारे झाले. मग मृगाचा पाऊस आला. मावशीने कुंड्या रोज तासभर पावसात ठेवल्या. श्रावणात एकही पिठ्या दिसेना.

तीसपैकी दोन जाळल्या, एक मागाहून कुजली. सत्तावीस राहिल्या. किडलेल्यांपैकी बहुतेकांना त्या वर्षी फूल आले नाही. झाडाची ताकद पाने सावरण्यातच गेली. चतुर्थीला चाकरमानी आले. मावशीने फुललेल्या नऊ कुंड्या विकल्या. एका गृहस्थांना एक बिनफुलांची कुंडी स्वस्तात हवी होती. मावशीने दिली नाही. म्हणाली, "हिला वैशाखात कीड होती. अजून वर्षभर मी बघणार. तुमच्या घरी जाऊन पुन्हा निघाली तर?" ते गृहस्थ हसले, पण पुढच्या वर्षी येतो म्हणून सांगून गेले.

ही कीड आली कुठून, याचाही मावशीने शोध घेतला. माघात तिने जत्रेतून दोन रोपे आणली होती. ती आणल्या आणल्या इतर कुंड्यांच्या मधोमध टांगली होती. तिथूनच सुरुवात झाली.

आता तिने नियम केला आहे. बाहेरून आलेले कोणतेही रोप आधी तीन आठवडे गोठ्याच्या पलीकडे राहते. रोज त्याची पाने खालून पाहिली जातात. मगच ते पडवीत येते. मागच्या दिवाळीत मी तिच्यासाठी एक सुरेख पिवळी आमरी घेऊन गेलो. तिने कौतुक केले, चहा दिला, आणि कुंडी उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवली.

दीर हल्ली बाटली आणली की कागद घेऊन मावशीकडे येतात. "वहिनी, जरा वाचा बघू," म्हणतात. मावशी वाचून दाखवते. पण आता ती म्हणते, "भावजी, रात्रीचा वर्ग अजून चालू आहे. किती दिवस माझ्याकडे येणार?"